भोंगा बंद होता

हे मी कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीही नाही, आणि ती जाऊन आता दोन पावसाळे झाले, म्हणजे तिच्यापाशी राहूनच गेलं. मुलगा मुंबईला असतो. त्याला काय सांगू? बाप हेकट आहे हे त्याला आधीच ठाऊक आहे. तुम्हाला सांगतो. तुम्ही मला ओळखत नाही, ते एक बरं आहे.

माझं शिक्षण चौथी. तेही पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या वाडीवर, जिथं मास्तर पावसाळाभर फिरकत नसत. म्हणजे खरं धरलं तर अडीच. पण लिहितो आहे. हळू लिहितो, खोडतो, परत लिहितो. दुसऱ्याच्या हातानं लिहून घेतलं असतं तर लवकर झालं असतं — पण ही गोष्ट दुसऱ्याच्या हातात द्यायची? इतकी लाज अजून शिल्लक आहे.

महाडात मला भोंगेबाबा म्हणतात. खरं नाव विचारलंत तर निम्म्या गावाला सांगता येणार नाही. रिक्षाच्या टपावर दोन भोंगे, मागच्या सीटमागं मशीन आणि बॅटरी, हातात माईक. आधी सायकल होती, मग रिक्षा झाली. चाळीस वर्षं हेच केलं. उद्या नळाला पाणी येणार नाही. डोळे तपासायचं शिबिर आहे. कुणाचं पोर हरवलंय, अंगात लाल सदरा. कुणाची अंत्ययात्रा किती वाजता निघणार. आणि पावसाळ्यात — नदीचं पाणी कुठवर चढलं. मोठा पूर आला तेव्हा मी घसा फाटेस्तोवर ओरडत फिरलो होतो. ज्यांनी ऐकलं त्यांनी सामान माडीवर चढवलं. त्यातले लोक अजून रस्त्यात हात जोडतात. म्हणतात, भोंगेबाबानं सांगितलं म्हणजे सांगितलं.

माईकवर मी कधी खोटं बोललो नव्हतो. हे लिहिताना छाती फुगते — बघा, अजून फुगते! कसली ही खोड? ज्या गोष्टीची माती केली तिचाच ताठा.

सांगतो. थांबा जरा. आधी काम काय होतं ते सांगतो.

नाल्यातलं प्लास्टिक नदीत जाऊ नये म्हणून बाहेरची एक संस्था आली होती. महाडात आणि पोलादपुरात, दोन्हीकडं. आपला मोठा नाला सावित्रीला मिळतो तिथं त्यांनी पिवळ्या पिंपांची साखळी आडवी टाकली, खाली जाळी सोडली. वाहत आलेलं प्लास्टिक तिथं अडायचं आणि माणसं आकड्यानं ओढून काठावर घ्यायची. काय काय यायचं! दुधाच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, पाण्याच्या बाटल्या, चपला, एकदा तर अख्खी खुर्ची. पण नुसत्या पिंपांनी भागणार नाही, हे त्यांनाही कळत होतं. नाल्यात पडायच्या आधीच घराघरातून ते गोळा करायचं आणि लोकांना तसं सांगत राहायचं, असं ठरलं. ह्या सांगायच्या कामाला वेगळी माणसं होती. भिंतींवर चित्रं, चौकात फलक, शाळांत गाणी, मोबाइलवर बघायचे छोटे सिनेमे. त्या सगळ्यांच्या वरती ऋचा मॅडम. पुण्याच्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या, पायाला भिंगरी. मनानं बाई चांगली. मोबाइलवर तिनं ग्रुप केले, पण नाल्याकाठच्या आळ्यांत घरटी एक मोबाइल, तोही घरचा पुरुष खिशात घालून कामावर जाणार. ग्रुपवर लिहिलेलं वाचणार कोण? मग कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं.

प्लास्टिक न्यायला टेम्पो एकच. तो कधी इथं, कधी पोलादपुरात. म्हणून त्याचा वार ठरलेला नव्हता. उद्या कुठल्या आळीला येणार ते आदल्या दिवशी कळायचं. टेम्पो आळीत शिरत नसे, बाहेर रस्त्यावर पाव तास थांबायचा आणि जायचा. मी आदल्या दुपारी आळीत शिरायचं, तीन जागी थांबायचं, तीनदा बोलायचं. आणि गेल्याची खूण म्हणून आळीच्या तोंडाशी रिक्षा उभी करून तिचा फोटो मॅडमना पाठवायचा. एवढंच माझं काम. पण माझ्यावाचून ते साऱ्या कामाचं शेवटचं टोक लोंबकळत राहिलं असतं. चित्रं रंगवा, गाणी म्हणा — पण गाडी उद्या सकाळी नऊ वाजता येणार हे बाईच्या कानावर कोण घालणार? मी.

आता त्या दिवसाचं सांगतो, जिथून हे सुरू झालं.

कामाचा नारळ फुटला तेव्हा नाल्यावरच्या पुलापाशी मांडव घातला होता. आळ्याआळ्यांतली माणसं आली होती. मॅडमनी माझ्या हातात कागद दिला. म्हणाल्या, बाबा, हे तुमच्या आवाजात वाचा. मी आजवर कधी कागद वाचून बोललो नव्हतो. मला कुणी तोंडी सांगायचं आणि मी माझ्या पद्धतीनं बोलायचो. तसं तेव्हाच सांगायला हवं होतं. सांगितलं का? नाही. चारचौघांत "मला वाचायला जड जातं" म्हणायचं? मी? कागद घेतला. त्यात वर्गीकरण, एकल वापर, जलप्रवाह असलं काहीबाही होतं. पहिल्या ओळीत अडखळलो, दुसरीत थांबलोच. भोंगा चालू आणि आत नुसता माझा श्वास. सगळ्या पुलाला तो ऐकू गेला असणार.

पुढच्याच रांगेत सुगंधाबाई बसल्या होत्या. नाल्याकाठच्या बौद्ध आळीतल्या. अंगणवाडीत मदतनीस होत्या, नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. त्या उठल्या, हसत पुढं आल्या आणि म्हणाल्या, "द्या बाबा हिकडं. मी वाचते, तुमी निस्तं वरडा."

माणसं हसली. वाईट नाही हसली — आता कळतं. घरच्यासारखी हसली. सुगंधाबाईंनी कागद घेतला आणि घडाघडा वाचला. मध्येच थांबून आपल्या शब्दांत समजावूनही सांगितला. "वर्गीकरण म्हंजे काय गो? तर भाकरीचा तुकडा एकीकडं नि पिशवी एकीकडं." टाळ्या पडल्या. मॅडमनी सर्वांत जोरात वाजवल्या.

आणि माझ्या मनात काय आलं? इथं पेन थांबतं. पण लिहिणारच. माझ्या मनात आलं — ही? ह्या आळीतली ही बाई मला शिकवणार? जातीचं नाव तोंडानं घेतलं नाही. मनानं घेतलं. स्पष्ट घेतलं. आमच्या वाडीवर जसं घेतलं जायचं, तसंच. चाळीस वर्षं महाडात राहून, ह्याच आळीतल्या माणसांच्या मयतीला भोंगा घेऊन जाऊन, त्यांच्या हातचा चहा पिऊन ते आत तसंच होतं. कुणी त्या दिवशी मला विचारलं असतं तर मी अंगावर धावून गेलो असतो. म्हटलं असतं, मी तसला माणूस नाही.

मग मी काय केलं? फार काही नाही. तेच तर. फार काही केलंच नाही.

पुढच्या आठवड्यात त्यांच्या आळीची पाळी आली. आदल्या दुपारी मी रिक्षा घेऊन गेलो. आळीच्या तोंडाशी उभी केली. फोटो काढला, मॅडमना पाठवला. माईक हातात घेतला होता. बटणावर अंगठा होता. आणि मी म्हटलं, एवढं वाचता येतं ना बाईला? मग वाच म्हणावं हवेतून. माईक ठेवला. रिक्षा वळवली आणि वीर स्टेशनला गेलो. गाडीची वेळ होती, तीन पॅसेंजर मिळाले.

एकदा झालं असतं तर म्हटलं असतं, माणूस रागावतो. दुसऱ्या खेपेलाही तेच केलं. फोटो, आणि वीरचा रस्ता. तिसऱ्या खेपेलाही. तिसऱ्या खेपेला तर राग उरलाही नव्हता. सवय झाली होती. आज लिहिताना मला सर्वांत जास्त चीड येते ती त्या तिसऱ्या खेपेची. रागानं वाईट वागलो असतो तर निदान माणसासारखा वागलो असतो. मी तर आरामात वागलो.

आणि मधे एकदा सुगंधाबाईंनी मला बाजारपेठेत अडवलं. रिक्षाच्या दांड्याला हात लावून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाबा, आमच्याकडं गाडी कवा? बायांनी गोणी भरून ठेवल्यात." त्यांना काही संशय नव्हता. मी म्हटलं, "अजून ठरलं नाय. टेम्पो पोलादपुरात हाय. ठरलं की सांगीन की." त्या म्हणाल्या, "बरं." त्या दिवशी सकाळीच टेम्पो त्यांच्या रस्त्यावर पाव तास उभा राहून रिकामा गेला होता.

तुम्ही म्हणाल, एका टेम्पोनं काय होतं? ते सांगतो. संस्थेला प्लास्टिक निवडायची, धुवायची, दाबून गठ्ठे करायची एक शेड बांधायची होती. ज्या आळीतून नेमानं माल येईल तिथं शेड, आणि त्याच आळीतल्या सहा बायांना तिथं कायमचं काम. घरापासून पन्नास पावलांवर काम! सुगंधाबाईंनी आळीतल्या बाया गोळा केल्या होत्या. त्यांची सून वैशाली त्यात होती. मूल लहान, म्हणून तिला लांबचं काम जमत नव्हतं. ह्या बाया घरोघर फिरून पिशव्या, बाटल्या जमवत होत्या, नाल्यात उतरून अडकलेलंही काढत होत्या. दहा बाय दहाची घरं. गोण्या ठेवायच्या कुठं? नाल्याच्या कठड्याला लागून रचल्या, वरून दोरी बांधली. गाडीची वाट बघत राहिल्या. म्हणजे माझी.

गणपती गेल्यावर एक पाऊस आला. दोन तास असा कोसळला की नाला कठड्यावरून गेला. सगळ्या गोण्या उचलून नेल्या. पाण्याच्या जोरानं त्या फाटल्या आणि तीन आठवड्यांचं प्लास्टिक एकदम जाऊन पिंपांच्या साखळीवर आदळलं. साखळी तुंबली. पाणी मागं फिरलं आणि बाजाराच्या खालच्या गल्लीत दुकानांत शिरलं. घोट्याएवढंच, पण महाडात पाणी दुकानात शिरलं म्हटल्यावर काय होतं ते महाडकरालाच विचारा. बायका रडायला लागल्या. एकानं तर दुकान उघडं टाकून पोरं घेऊन टेकाडाकडं धाव घेतली.

मी पुलावर होतो. खाली सुगंधाबाई कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, हातात वेळू, आणि एकेक गोण काठाला ओढायचं बघत होत्या. वैशाली वरून ओरडत होती, "आत्या, वर या गो, आत्या!" त्या काही ऐकत नव्हत्या. मी वरून बघितलं. उतरलो नाही. माझ्याकडं भोंगा होता, लोकांना हाक मारता आली असती. मारली नाही. का? कारण मला माहीत होतं की त्या गोण्या तिथं कशामुळं आहेत.

पाच-सहा दिवसांनी शाळेच्या हॉलात बैठक झाली. दुकानदार तापलेले. कुणी ओरडलं, "एवढी शिकवणी देऊन पन कचरा नाल्यावरच टाकतात!" कुणी म्हटलं, "त्या आळीला सांगून काय उपेग नाय." सुगंधाबाई उठल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "टाकला नव्हता, जमवला होता. गाडी येनार म्हून ठेवला होता. आमाला कुनी सांगितलंच नाय गाडी कवा येनार. एकदा पन नाय."

मॅडमनी आपला संगणक उघडला आणि भिंतीवर फोटो दाखवले. तीन फोटो. तीन तारखा. तिन्हींत माझी रिक्षा आळीच्या तोंडाशी उभी, टपावर दोन भोंगे, मागं आळीतलं पहिलं घर. एकदम स्वच्छ फोटो. फोटोला काही आवाज नसतो. मॅडम माझ्याकडं वळल्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, असं मला आजही वाटतं. म्हणाल्या, "बाबा, तुम्ही सांगितलं होतं ना?"

हीच ती जागा. इथवर मी फिरून फिरून आलो.

मी उठलो. कुणीतरी माईक हातात दिला. चाळीस वर्षांत ज्या माईकवर खोटं बोललो नाही, त्यावर बोललो — "तीन खेपा गेलो. तीन-तीनदा सांगितलं. माझ्या घशाला विचारा." लोक हसले. ह्या वेळी माझ्या बाजूनं हसले. कुणीतरी मागून म्हटलं, "भोंगेबाबानं सांगितलं म्हणजे सांगितलं." आणि विषय संपला. एका क्षणात संपला. सहा बायांचं काम, एका आळीचं नाव — माझ्या एका वाक्यात संपलं. किती पटकन! दुसऱ्या एखाद्या आळीबद्दल बोललो असतो तर लोकांनी इतका झटकन विश्वास ठेवला असता का? मला त्यांचा राग येतो. त्या हॉलमधल्या एकेका हसणाऱ्या तोंडाचा राग येतो. पण हा राग कुणाच्या पदरात घालतोय मी? त्यांना खोटं मिळालं म्हणून त्यांनी घेतलं. दिलं कुणी?

सुगंधाबाई माझ्याकडं बघत होत्या. बसल्या.

शेड बाजारापलीकडच्या आळीत झाली. ह्यांच्या आळीला लोकांनी "गोणी आळी" नाव पाडलं. अजून म्हणतात, पोरंसुद्धा. वैशाली आता पहाटेच्या गाडीनं एमआयडीसीत ठेकेदाराकडं झाडू मारायला जाते, मूल सुगंधाबाईंपाशी. संस्थेनं जाताना एक सिनेमा दाखवला. त्यात त्या आळीवर दुःखी वाजंत्री लावली होती, लोकांपर्यंत पोचायला किती अवघड जातं असं कुणी समजावून सांगत होतं. आणि पुढं मी. माझी रिक्षा, माझे भोंगे, माझा आवाज. सत्कार झाला. मॅडमनी शाल घातली, पाया पडल्या. मी आशीर्वाद दिला. दिला हो! डोक्यावर हात ठेवून दिला. ती शाल ट्रंकेत आहे. अंगावर घेतली नाही, म्हणून मी चांगला ठरतो काय?

सिनेम्यानंतर दोन-चार दिवसांनी भाजी बाजारात सुगंधाबाई समोर आल्या. मी तोंड फिरवायच्या आत म्हणाल्या, "बाबा, तुमी शेजारच्या आळीत बोलताव ते माज्या चुलीपाशी ऐकू येतं. आमच्या आळीच्या तोंडाशी आलाव की आवाज बंद पडतो व्हय?"

मी म्हटलं, "बॅटरी उतरली असंल, बाई."

त्या हसल्या. पुलापाशी हसल्या होत्या तशा नाही. म्हणाल्या, "तिन्ही येळंला?" आणि मेथीची जुडी पिशवीत टाकून गेल्या. पिशवी कापडाची होती.

त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. सांगून काय होणार होतं? गाव माझ्या आवाजावर विश्वास ठेवतं. त्यांना ते माझ्याइतकंच पक्कं ठाऊक आहे. त्यानंतर कितीदा समोर आल्या. नमस्कार करत नाहीत. शिवीही देत नाहीत. दिली असती तर मी भांडलो असतो आणि सुटलो असतो. भांडायला मी तयारच असतो.

वयानं चूक होते, असं एकजण परवा दुसऱ्याच कशावरून मला म्हणाला. मी त्याला शिव्या घातल्या. वयानं काही झालं नाही. हात थरथरत नव्हता, बॅटरी भरलेली होती, घसा साफ होता. अंगठा बटणावर होता आणि मी तो उचलला.

काय बोलायचं ते मला पाठ आहे. कागद लागत नाही. असं आहे ते — "कान द्या हो, महाडकर. नाल्याकाठच्या आळीत गाडीची खबर द्यायला मी तीनदा गेलो आणि तीनदा न बोलता परत आलो. हॉलात मी खोटं बोललो. त्या बायांनी कचरा टाकला नव्हता, जमवला होता. सुगंधाबाई खरं बोलल्या होत्या." चार-पाच वाक्यं. एका चौकाला अर्धं मिनिट. सगळं महाड फिरायला एक सकाळ पुरे.

आज सकाळी उद्याच्या पाणीकपातीची खबर द्यायला निघालो. सगळ्या आळ्या केल्या. त्यांच्या आळीतही शिरलो, तीन जागी थांबलो, तीनदा बोललो. सुगंधाबाई दारातच होत्या, नातवाला भरवत. माईक चालू होता. मी पाण्याचं सांगितलं आणि पुढं गेलो.